स्लोव्हाक स्पेक्टेटरची वर्गणी : बेळगावात बसून वाचणाऱ्याचे पैसे वसूल होतात का?

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. वसूल होतात. ज्यांच्या घरचं कोणी तिकडं कामाला आहे त्यांनी तर घ्यावंच, आणि ज्यांचं कोणी नाही पण सीमाभागात राहतात, सकाळी पेपर हातात आल्याशिवाय चहा उतरत नाही अशा लोकांनी पण एकदा वाचून बघावं. का ते खाली लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

स्लोव्हाक स्पेक्टेटर हा स्लोव्हाकियातला इंग्रजी पेपर, ब्रातिस्लावातून निघतो, १९९५ पासून. म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले १ जानेवारी १९९३ ला, आणि दोनच वर्षांत हा चालू झाला. आम्ही अर्थात वेबसाइटवर आणि ईमेलवर वाचतो. काही बातम्या सगळ्यांना उघड्या असतात, काही वर्गणीदारांनाच.

माझा भाचा नित्र्याला आहे म्हणून हे सगळं सुरू झालं. नित्र्यात जग्वार लँड रोव्हरचा कारखाना आहे, २०१८ ला चालू झाला, म्हणजे शेवटी टाटांचाच, आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करून देणाऱ्या कंपन्या, त्यातल्या एकीत भाचा व्हीएमसी मशिनवर आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात शिकलेलं काम, तेच तिकडं करतोय. स्लोव्हाकिया छोटा देश पण लोकसंख्येच्या मानानं जगात सगळ्यात जास्त गाड्या तिथं बनतात, ब्रातिस्लावात फोक्सवॅगन, झिलिनात किया, त्रनाव्यात स्टेलांटिस, त्यामुळं आपल्याकडची मशिन शॉपची पोरं आता तिकडं जायला लागलीत. ताईचा मात्र रोज फोनवर एकच प्रश्न, तिकडं सगळं ठीक आहे न्हवं? आणि भाचा म्हणाला, मामा, मला हितली भाषा कामापुरती येते, टीव्हीवर काय भांडतात ते कळत नाही, तुम्हाला पेपरची आवड आहे तर तुम्हीच वाचा आणि मला सांगा. तर असं उलटं चालू आहे, पोरगा तिकडं राहतोय आणि तिकडची बातमी त्याला टिळकवाडीतनं जातीय.

आता मिळतं काय ते. रोजचा एक ईमेल येतो, आज देशात काय काय झालं ते थोडक्यात, आपल्याकडं रात्रीची जेवणं उरकेपर्यंत आलेला असतो कारण ते आपल्या साडेतीन तास मागं आहेत, थंडीत साडेचार. दुसरा आठवड्याचा, त्यात गेल्या आठवड्यातल्या मोठ्या घडामोडीवर नीट समजावून लिहिलेलं असतं. हा दुसरा मला जास्त आवडतो. मागचा संदर्भ देऊन लिहितात, हा मंत्री कोण, ह्या पक्षाचं त्या पक्षाशी का पटत नाही, हा कायदा आधी काय होता, त्यामुळं मधूनच वाचायला लागलेला माणूस पण हरवत नाही. आपल्याकडच्या पेपरात गृहीत धरतात की तुम्ही वीस वर्षं रोज वाचताय.

परदेशी माणसाला लागणारी माहिती पण भरपूर असते. परदेशी लोकांसाठी वेगळं पोलीस ऑफिस असतंय तिथं, राहण्याचा परवाना तिथंच मिळतो, त्याचे नियम बदलले की हितं छापून येतं. सणाच्या सुट्टीला दुकानं बंद ठेवायचा कायदा आहे तिथं, कुठल्या दिवशी बंद ते पण येतं, नवीन गेलेल्याला हे माहीत नसलं तर घरात तांदूळ नाही आणि बाजार बंद अशी गत होते. १ जानेवारी २०२५ पासून त्यांचा व्हॅट २० वरून २३ टक्के झाला, सरकारी तिजोरीतली तूट भरायला, तेव्हा कशाकशाचं बिल वाढणार हे वाचून मी भाच्याला सांगितलं. ताईला हा भाग सगळ्यात उपयोगाचा वाटतो. मला राजकारणाचा.

देश केवढा तर ५४ लाखांचा. आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार होती, म्हणजे आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा देश, आणि त्याला स्वतःची संसद, राष्ट्राध्यक्ष, सैन्य, ऑलिंपिक टीम सगळं. संसदेत १५० जागा. मतदारसंघ किती? एकच! अख्खा देश एक मतदारसंघ. तुम्ही पक्षाला मत द्यायचं, पक्षाच्या यादीतल्या चारपर्यंत उमेदवारांना पसंतीची खूण करायची, आणि ज्या पक्षाला ५ टक्क्यांच्या वर मतं त्यालाच जागा. आपल्याकडं खानापूरचा आमदार, बेळगाव ग्रामीणचा आमदार, गटार तुंबलं तरी लोक त्याच्या दारात जातात, तिथं तसला आमदारच नाही. मला हे समजायला वेळ लागला पण एकदा समजलं की तिथलं सगळं राजकारण उलगडतं, का तिथं एवढे पक्ष फुटतात जुळतात, का ४.९ आणि ५.१ मध्ये जीव वरखाली होतो.

रॉबर्ट फिको हे नाव सतत येणार. २००६ ला पहिल्यांदा पंतप्रधान, मग २०१२, २०१८ ला राजीनामा द्यावा लागला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात परत. मधल्या काळात झुझाना चापुतोवा राष्ट्राध्यक्ष होत्या, २०१९ ते २०२४, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, पेशानं वकील, पेझिनोक गावातल्या कचरा डेपोविरुद्ध लढून नाव झालेल्या. कचरा डेपोवरून लढणारी बाई राष्ट्राध्यक्ष होते हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, खरं सांगतो. त्यांच्यानंतर पीटर पेलेग्रिनी.

१५ मे २०२४ ला हांडलोवा गावात फिकोंवर गोळीबार झाला. मंत्रिमंडळाची बैठक गावच्या सांस्कृतिक भवनात होती, बाहेर जमलेल्या लोकांना भेटायला आले आणि एका ७१ वर्षांच्या म्हाताऱ्यानं जवळून गोळ्या झाडल्या, हेलिकॉप्टरनं बान्स्का बिस्त्रिट्साच्या हॉस्पिटलला नेलं, वाचले. त्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय आलं असेल विचारू नका, कोणी म्हणतंय देशात लष्कर आलं, कोणी म्हणतंय परदेशी लोकांना बाहेर काढणार, ताईनं तर रडायलाच घेतलं. तेव्हा मी स्पेक्टेटर उघडून बसलो आणि जेवढं पक्कं कळलंय तेवढंच एकेक करून तिला वाचून दाखवलं, की एक माणूस पकडलाय, ऑपरेशन चालू आहे, कारखाने शाळा चालू आहेत, भाच्याच्या गावात काही नाही. बातमी देणाऱ्यानं घाई न करणं ह्याची किंमत अशा वेळी कळते. वर्गणीचे पैसे माझ्या दृष्टीनं त्या एका संध्याकाळीच फिटले.

आता पेपरवाल्यांबद्दल, कारण तिथं पेपर चालवणं हे सुद्धा राजकारणाच्या मधोमध आहे. २१ फेब्रुवारी २०१८ ला यान कुत्सियाक नावाच्या २७ वर्षांच्या पत्रकाराला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला, मार्टिना कुश्नीरोवाला, त्यांच्या घरात गोळ्या घालून मारलं. तो अक्तुआलिटी नावाच्या न्यूज साइटसाठी लिहायचा, बड्या उद्योगपतींची करचुकवेगिरी आणि इटलीच्या माफियाचे सरकारातले लागेबांधे हा त्याचा विषय. अर्धी राहिलेली त्याची बातमी आठवड्याभरात सगळ्यांनी मिळून छापली, एकमेकांचे स्पर्धक असून. मग लोक रस्त्यावर आले, १९८९ ला कम्युनिस्ट राजवट पडली त्यानंतरची सगळ्यात मोठी गर्दी, आणि मार्चमध्ये फिकोंना पायउतार व्हावं लागलं. गोळी मारणाऱ्याला शिक्षा झाली, मध्यस्थ बाईला खालच्या कोर्टात २५ वर्षं झाली, पण ज्याच्यावर सुपारी दिल्याचा आरोप आहे तो उद्योगपती मारियान कोचनेर ह्या खुनातून खालच्या कोर्टात दोनदा निर्दोष सुटला, आणि २०२५ ला सुप्रीम कोर्टानं हे दोन्ही निकाल रद्द करून खटला परत चालवायला सांगितला. हे प्रकरण स्पेक्टेटरनं सोडलेलं नाही, तारीख लागली की बातमी असतेच, मागचं सगळं थोडक्यात सांगून. एक बातमी इतकी वर्षं धरून ठेवणं सोपं नसतं. आपल्याकडं पत्रकार मेला तर आठ दिवस हार घालतात.

दुसरी गोष्ट २०१४ ची. स्मे (SME) म्हणून तिथला मोठा पेपर, त्याच्या कंपनीत पेंटा नावाच्या गुंतवणूकदार गटानं हिस्सा घेतला, ज्या गटाचं नाव आधीच एका मोठ्या भ्रष्टाचार प्रकरणात आलेलं. तर संपादक आणि त्याच्याबरोबर निम्मं ऑफिस राजीनामा देऊन बाहेर पडलं आणि २०१५ च्या सुरुवातीला डेनिक एन नावाचा नवा पेपर काढला. चालतोय तो कशावर तर मुख्यतः वाचकांच्या वर्गणीवर. त्याच्याही आधी, २०११ ला, तिथल्या नऊ प्रकाशकांनी एकत्र येऊन पियानो नावाची पद्धत चालू केली होती, एकदा वर्गणी भरा आणि सगळ्यांच्या साइटवरचं बंद दालन उघडा. म्हणजे बातमीला पैसे मोजायचे ही सवय त्या लोकांना लागलेली आहे. मी हे आमच्या गल्लीतल्या मित्रांना सांगतो तेव्हा ते म्हणतात बातमी काय फुकट मिळते मोबाइलवर. मिळते की! पण पैसे वाचकानं नाही दिले तर कोण देणार, जाहिरात देणारा देणार, बिल्डर देणार, निवडणुकीला उभा राहणारा देणार, आणि मग तो सांगेल ते छापून येणार. ह्यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

सरकारी टीव्हीचं पण वाचण्यासारखं आहे. तिथं घरटी महिन्याला ठराविक फी होती, आपल्याकडं पूर्वी रेडिओचं लायसन्स असायचं तसं, ती २०२३ ला बंद केली आणि पैसा सरकारी बजेटमधनं द्यायला लागले. मग पुढच्या वर्षी नव्या सरकारनं आरटीव्हीएस ही संस्थाच मोडली आणि १ जुलै २०२४ पासून एसटीव्हीआर नावाची नवी केली, त्यामुळं जुन्या प्रमुखाची मुदत आपोआप संपली. सरकार म्हणतं जुनं एकतर्फी झालं होतं, विरोधक म्हणतात कब्जा केला. त्याच वर्षी मे महिन्यात मार्किझा ह्या मोठ्या खाजगी चॅनेलवर रविवारच्या चर्चेचा सूत्रधार कार्यक्रमाच्या शेवटी थेट प्रेक्षकांशी बोलला की स्वतंत्र बातमीदारीवर दबाव येतोय, आणि नंतर तो कार्यक्रम पडद्यावरनं गेला. स्पेक्टेटर कुठल्या बाजूचा आहे हे वाचताना कळतं, प्रेस स्वातंत्र्याच्या बाजूचा आहे आणि ते लपवत पण नाही, पण सरकारचं म्हणणं काय तेही बातमीत दिलेलं असतं. मला एवढं पुरतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो त्याच्याकडं येतो.

स्लोव्हाकियाच्या दक्षिणेला, दानूब नदीच्या काठानं, हंगेरियन बोलणारे लोक राहतात. २०२१ च्या जनगणनेत ४ लाख २२ हजार, देशाच्या पावणेआठ टक्के. हे कुठनं आले नाहीत, तिथंच होते, सीमा हलली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० ला त्रियानोंचा तह झाला, रेघ मारली गेली, आणि गावंच्या गावं एका रात्रीत दुसऱ्या देशात. आता हे वाचताना निपाणी, खानापूर, बेळगावच्या माणसाला १९५६ ची राज्यपुनर्रचना आठवणार नाही असं होईल का? फरक आहे, मोठा फरक आहे, आपण एकाच देशात आहोत आणि त्यांच्या मधे आंतरराष्ट्रीय सीमा आहे. पण बोर्डावर कुठली भाषा, शाळा कुठल्या माध्यमाची, ग्रामपंचायतीचा कागद कुठल्या भाषेत, हे प्रश्न अगदी तेच.

बोर्डाचंच घ्या. तिथं नियम होता की गावात अल्पसंख्याक २० टक्के असतील तर गावाच्या नावाचा फलक दोन्ही भाषांत आणि ऑफिसात त्यांची भाषा चालते. २०११ ला तो आकडा १५ टक्के केला, फक्त दोन जनगणनांत लागोपाठ तेवढे भरले पाहिजेत. १५ टक्के! आपल्याकडं भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राच्या ज्या तरतुदी आहेत त्यात सुद्धा आकडा १५ टक्केच आहे, तालुक्यात तेवढे लोक असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या. कागदावर दोन्हीकडं आकडा तोच, आणि अंमलबजावणीची रड पण दोन्हीकडं. तिकडं २००९ ला राज्यभाषेचा कायदा कडक करून दंड घातला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि हितं २०२४ ला फलकावर ६० टक्के कन्नडची सक्ती आली तेव्हा गणपत गल्लीतल्या दुकानदारांची पेंटरकडं कशी धावपळ झाली ते आपण बघितलंय. २०१० ला हंगेरीनं सीमेपलीकडच्या हंगेरियनांना नागरिकत्व सोपं करून दिलं, तर स्लोव्हाकियानं लगेच कायदा केला की दुसऱ्या देशाचं घेतलंत तर आमचं गेलं. महाराष्ट्रानं सीमाभागासाठी काही योजना काढली की बेंगळूरूतनं लगेच पत्रक निघतं, ते आठवलं.

राजकारणात तर आणखी. हंगेरियनांचा एक पक्ष होता, एकजुटीचा, सरकारात पण होता. २००९ ला बेला बुगार बाहेर पडले आणि मोस्त-हिद म्हणून वेगळा पक्ष काढला, म्हणणं असं की स्लोव्हाकांना बरोबर घेऊन चालूया. २०१० ला नवा पक्ष आत आणि जुना ५ टक्क्यांच्या खाली. मग दोघं भांडत राहिले आणि २०२० ला दोघंही बाहेर. २०२३ ला परत एकत्र येऊन लढले, थोडक्यासाठी राहिले, साडेचारच्या आतच. पावणेआठ टक्के लोक आणि संसदेत त्यांच्या पक्षाचा एक माणूस नाही. आता आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीकडं बघा. २०१३ ला दोन आमदार, २०१८ ला गट पडले, एकाच मतदारसंघात आपल्याच दोन-दोन लोकांनी अर्ज भरले, शून्य, २०२३ ला परत शून्य. मी समितीचाच माणूस आहे, लहानपणापासून १ नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या फेरीत चाललोय, म्हणून कळकळीनं लिहितोय, आपल्या पुढाऱ्यांनी हे तिकडचं एकदा बसून वाचावं. मतं कमी झाली म्हणून नाही, वाटली गेली म्हणून गेलं, दोन्हीकडं.

त्यांचा पेपर पण आहे, ऊय सो, हंगेरियन भाषेतला रोजचा, १९४८ पासून. आपल्याकडं १९१९ ला बाबुराव ठाकुरांनी तरुण भारत काढला, त्या जातीचं काम. डेनिक एननं सुद्धा २०२१ च्या शेवटी हंगेरियनमध्ये नापुंक म्हणून साइट काढली. स्लोव्हाक पेपरला हंगेरियन आवृत्ती काढावीशी वाटते, हे मला फार मोठं वाटतं. कन्नडमधला एखादा मोठा पेपर बेळगावसाठी मराठी आवृत्ती काढेल का? काढली तर पहिला वर्गणीदार मी.

हे मान्य करायला पाहिजे की स्पेक्टेटर हा काही हंगेरियनांचा पेपर नाही, तो राजधानीतनं, परदेशी वाचकाला डोळ्यासमोर ठेवून निघतो. दक्षिणेतल्या गावातलं बारीकसारीक हवं असेल तर ऊय सो उघडून ब्राउझरचं भाषांतर लावावं लागतं, ते ओबडधोबड असतं पण काम भागतं.

खेळाकडं येतो, आणि खेळ तिथं वेगळा विषय नाहीच. दुनाइस्का स्ट्रेडा हे हंगेरियन बहुसंख्य गाव, नित्र्यापासून तास-दीड तासावर, त्यांचा फुटबॉल क्लब डीएसी, पिवळा-निळा. भाच्याच्या कंपनीत तिथला एक पोरगा आहे, तो ह्याला मॅचला घेऊन गेला आणि भाच्यानं तिथनं व्हिडिओ कॉल लावला. गावात शिरताना फलक, वर स्लोव्हाक नाव, खाली हंगेरियन, दुनासेर्दाहेय. स्टेडियममध्ये मॅच चालू व्हायच्या आधी सगळे उभे, गळ्यातले मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेले, आणि हंगेरियनमध्ये गाणं, म्हातारी माणसं पण, खांद्यावर बसलेली पोरं पण. भाचा ओरडून सांगत होता मामा ऐका ऐका, मला फोनमधनं नुसता घुमल्यासारखा आवाज येत होता, पण तोंडं दिसत होती. ती तोंडं मला ओळखीची वाटली. गाण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं तरी.

ह्याच मैदानावर १ नोव्हेंबर २००८ ला डीएसी आणि ब्रातिस्लावाचा स्लोव्हान ह्यांची मॅच होती, पोलिसांनी हंगेरियन प्रेक्षकांवर लाठ्या चालवल्या, बरेच जण जखमी झाले, आणि प्रकरण दोन्ही देशांच्या सरकारांपर्यंत गेलं. तारीख बघितली का? १ नोव्हेंबर. बेळगावच्या माणसाला ती तारीख वाचून थांबायला होतंच. पुढं २०१९ ला संसदेनं दुसऱ्या देशाचं राष्ट्रगीत त्या देशाचं शिष्टमंडळ हजर नसताना म्हणायला बंदी घातली, तेव्हा परत डीएसीचं मैदान चर्चेत. म्हणून म्हणतो, तिथली क्रीडा पानं वाचल्याशिवाय राजकारणाची पानं कळत नाहीत.

आइस हॉकी हा त्यांचा खरा जीव. २००२ ला स्वीडनमध्ये रशियाला ४-३ नं हरवून जगज्जेते झाले, पीटर बोंद्राचा गोल शेवटच्या दोन मिनिटांत, ते अजून काढतात बोलण्यात, आपण १९८३ काढतो तसं. २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकला ब्राँझ, स्वीडनला ४-० हरवून, त्यात युराय स्लाफकोव्स्की म्हणून १७ वर्षांच्या पोरानं स्पर्धेत सात गोल केले आणि त्याच वर्षी अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल लीगमध्ये नव्या पोरांच्या निवडीत पहिला नंबर त्याचा, दुसरा नंबर पण स्लोव्हाकच, शिमोन नेमेट्स. ५४ लाखांचा देश हो! आणि खेळाडू राजकारणात जातात ते पण आलंच, हॉकीतले पीटर श्तास्नी दहा वर्षं युरोपियन संसदेत होते, आणि २०२४ ला पर्यटन आणि क्रीडा असं नवं मंत्रालय काढलं त्याचा पहिला मंत्री माजी फुटबॉल गोलकीपर. आपल्याकडं राजकारणी खेळात येतात, वाढदिवसाला टेनिस बॉलची स्पर्धा आणि मैदानाच्या चारी बाजूंना फोटो, लेले मैदानावर खेळणाऱ्या पोरांपेक्षा फोटोच जास्त. तिथंही सगळं स्वच्छ आहे असं नाही, स्टेडियमला सरकारी पैसा कुणाला किती ह्यावर भांडणं असतातच, पण मंत्र्याला प्रश्न विचारलेले छापून येतात.

२०२४ चं युरो आठवा. २९ जूनला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो, अख्खं बेळगाव रस्त्यावर, आणि दुसऱ्याच रात्री साडेनऊला स्लोव्हाकिया विरुद्ध इंग्लंड. आधी त्यांनी बेल्जियमला हरवलेलं. श्रान्ट्सनं गोल टाकला, १-० नं पुढं, ९५ व्या मिनिटापर्यंत पुढं, आणि बेलिंगहॅमनं ती उलटी किक मारली. मग जादा वेळेत केन. आमच्या घरात सगळ्यांची तोंडं उतरली, ताई पण बसली होती, तिला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी स्पेक्टेटरमध्ये वाचलं तेव्हा समजलं की दीड महिन्यापूर्वी पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या गेलेल्या, दोन तट पडलेल्या त्या देशाला ह्या टीमनं काय दिलं. एक मात्र सांगून ठेवतो, रोजचा खेळ, लीगचे तक्ते, स्कोअर हे हवं असेल तर हा पेपर त्यासाठी नाही, खेळ देशाचा विषय होतो तेव्हा हितं येतो. त्यासाठी स्कोअरचं कुठलंही ॲप घ्या.

इंग्रजी सोपी आहे. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, तरी मला अडत नाही, नावं तेवढी जिभेला वळायला वेळ लागतो. मोबाइलवर नीट वाचता येतं.

पैसे भरण्याचं लिहितो कारण हितंच लोक अडकतात. युरोत भरायचे, त्यामुळं कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, बँकेच्या ॲपमध्ये सेटिंग असतं. बँक वरनं परदेशी चलनाचा चार्ज आणि त्यावर जीएसटी लावते, तो धरून हिशोब करा. दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं घेऊ नका, रिझर्व्ह बँकेचे २०२१ पासून नियम कडक झालेत, परदेशी साइटचं ऑटो पेमेंट बऱ्याच वेळा नाकारलं जातं. आमच्या बँकेनं दोनदा नाकारलं आणि शाखेत विचारायला गेलो तर काउंटरवरच्या माणसानं हेल्पलाइनचा नंबर हातात दिला, हेल्पलाइननं शाखेत जा सांगितलं. शेवटी भाच्यानं तिकडच्या कार्डानं एकदम वर्षाचे भरले, मी त्याच्या आईकडं रुपयात दिले. तिकडं कोणी असेल तर हाच मार्ग बरा.

घाई नको असेल तर आधी नुसतं ईमेलला नाव नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. महिनाभर आठवड्याचा ईमेल वाचा. निवडणुकीच्या सुमाराला चालू केलंत तर जास्त गोडी लागेल. आणि समितीतल्या कोणी हे वाचलं असेल तर मोस्त-हिद फुटला तेव्हापासूनच्या जुन्या बातम्या साइटवर शोधल्या की मिळतात, दोन पक्षांनी एकमेकांबद्दल काय काय बोललं ते तारखेसकट आहे.